घर भाड्याने द्या आणि निर्धास्त राहा

नेरूळ, कोपरखैरणे, वर्तकनगर किंवा घोडबंदर रोडला तुमचा एखादा जास्तीचा फ्लॅट असेल, तर आधी अभिनंदन. गाठीशी पुण्य असल्याशिवाय असं होत नाही. आता तो भाड्याने देऊन त्याची निगा कशी राखायची, तीही पदरचा एक रुपया न मोडता, ते सांगतो. अभ्यास ताजा आहे. गेल्याच आठवड्यात माझ्या डिपॉझिटमधून ‘पेंटिंग’ या नावाखाली भलामोठा लचका तोडून उरलेलं मला परत मिळालं.

सुरुवात करारापासून. तो 11 महिन्यांचाच करा. 1999च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 55 म्हणतं की लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदवलेला हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. नाही केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणून नोंदणी जरूर करा, फक्त स्टॅम्प ड्युटी, फी आणि घरी येऊन अंगठे घेणाऱ्याचे पैसे भाडेकरूकडून घ्या. जबाबदारी तुमची, खर्च त्याचा. नॉन-ऑक्युपन्सी चार्जेसही त्याच्याच माथी मारा. ते तुम्ही स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी तुम्हाला लावते, आणि सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाहीत हे 2001 सालीच ठरलंय. पण एवढं कोण वाचतं?

ब्रोकरला दर 11 महिन्यांनी बोलवा. त्यालाही पोट आहे.

घरात एक मोडका पलंग आणि दार न लागणारं कपाट सोडा आणि जाहिरातीत ‘सेमी-फर्निश्ड’ लिहा. माळ्यावर स्वतःचं सामान भरून कुलूप घाला.

फोन एक ते पाच तारखेदरम्यान उचला.

आता गळती. जून संपता संपता भाडेकरू बाथरूमच्या छताचा फोटो पाठवेल. त्यावर फक्त अंगठा दाखवा. पुन्हा पाठवला तर “वरच्यांशी बोलून घ्या” म्हणा. वरचे म्हणतील, “आमच्याकडे तर काहीच गळत नाही.” बरोबर आहे, पाणी अजून वर जायला शिकलेलं नाही. मग सेक्रेटरी भाडेकरूला सांगतील की बाहेरच्या पाइपची आणि पावसाची गळती सोसायटीची, बाथरूमची गळती मेंबर-मेंबरनी बघायची, आणि तुम्ही मेंबर नाही. मालकांचं पत्र आणा. तुम्ही म्हणा, “मी तर पुण्याला असतो.” अगदीच गळ्याशी आलं तर ‘आपला माणूस’ पाठवा. तो स्टुलावर चढून खालून पांढरं सिमेंट फासेल. पाणी वरच्या बाथरूमच्या न्हाणी ट्रॅपच्या, म्हणजे सांडपाण्याच्या जाळीखालच्या भांड्याच्या, कडेने झिरपतंय, वरची लादी काढून वॉटरप्रूफिंग केल्याशिवाय ते थांबणार नाही, हे त्यालाही माहीत असतं. पण वाहत्या नाकाला पावडर लावायचे त्याला पैसे मिळतात, तो लावतो. ऑगस्टमध्ये त्याच जागी फुगवटा येतो, तपकिरी कडा धरतात, ठोकून बघितलं तर पोकळ वाजतं. आतली सळई गंजून फुगलेली असते, ती गिलावा ढकलून देते. आमच्याकडे ढकलला. ताटाएवढा तुकडा थेट वॉशिंग मशीनच्या झाकणावर, आणि वर उघडी लालभडक सळई. माझी आई नुकतीच अंघोळ करून बाहेर आली होती. फोन केला तर मालक काय म्हणतात? “गीझर फार वापरता का? आधीच्या पार्टीला कधी त्रास झाला नाही.”

आधीच्या पार्टीचा नंबर वॉचमनने दिला. त्रास झाला होता. म्हणून तर पार्टी गेली.

आणि घर सोडताना यादी आली: भिंतीला ओलीचे डाग, रंगाचे पोपडे, बाथरूम सीलिंग डॅमेज. म्हणजे तुमच्या स्लॅबमधून पडलेला तुकडाही आमच्याच नावावर! अहो, काही जनाची नाही तर मनाची? वर्षभर एक तारखेला भाडं घेतलंत, तेव्हा खात्यात पैसे पडल्याचं तुम्हाला पुण्यात बसून कळत होतं. छत पडल्याचं तेवढं कळत नव्हतं. खिळे मोजायला स्वतः आलात, टॉर्च घेऊन. तोच टॉर्च एकदा त्या सळईवर मारला असतात तर? भाडं कसलं घेता तुम्ही, चार भिंतींचं ना? मग त्या उभ्या ठेवायचं काम तुमचं आहे, भाडेकरूचं नाही, वरच्यांचं नाही आणि त्या सिमेंटवाल्याचंही नाही. पत्र द्या सोसायटीला, वरच्यांशी भांडा, निम्मा खर्च टाका, पण वरची लादी उघडा. पुढच्या महिन्यात तिथे तान्हं मूल असलेलं जोडपं राहायला येतंय असं कळलं. ते येण्याआधी छत करून घ्या. नसेल जमत तर फ्लॅटला कुलूप लावा, पण माणसं ठेवू नका.