सव्विसाव्या ओळीवरचा अन्याय

अमली पदार्थांच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्या अमेरिकेतील विद्यार्थ्यांचा प्रश्न आता मिटला आहे, असे जो तो सांगतो तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते. तो मिटलेला नाही. डिसेंबर 2020 मधील कायद्याने फाफ्सा या शैक्षणिक मदतीच्या सरकारी अर्जातून अशा विद्यार्थ्यांना मदत नाकारणारी अट हद्दपार केली, हे खरे. पण आयकराच्या 8863 क्रमांकाच्या फॉर्ममध्ये सव्विसाव्या ओळीवर तीच अट अजून ठाण मांडून बसली आहे. अमली पदार्थ बाळगल्याबद्दल किंवा विकल्याबद्दल विद्यार्थी फेलनीच्या, म्हणजे गंभीर गुन्ह्यात दोषी ठरला आहे काय, असा तो प्रश्न आहे. उत्तर ‘होय’ असेल तर अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी क्रेडिट ही वर्षाला 2,500 डॉलरपर्यंतची करसवलत तिथेच संपते.

करभरणीच्या दिवसांत मी गरजू लोकांचे फॉर्म विनामूल्य भरून देते. यंदा समोर आलेला चाळिशीचा गृहस्थ दिवसा गोदामात राबून संध्याकाळी कम्युनिटी कॉलेजात शिकत होता, आणि फीच्या व पुस्तकांच्या पावत्या त्याने तारखेनुसार लावून आणल्या होत्या. सव्विसावी ओळ वाचून दाखवल्यावर तो एवढेच म्हणाला, “तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो.” त्या ओळीला त्याच्या वयाशी, भोगून झालेल्या शिक्षेशी किंवा मधल्या वीस वर्षांशी काहीही देणेघेणे नाही.

फाफ्साचा 1998 चा नियम जुलमीच होता. तरीही पदार्थ बाळगल्याच्या पहिल्या गुन्ह्याला त्यात एका वर्षाची बंदी होती आणि दुसऱ्याला दोन वर्षांची, व्यसनमुक्तीचा मान्य कार्यक्रम पूर्ण केल्यास पात्रता परत मिळत असे, आणि 2006 पासून तर सरकारी मदत घेत असताना घडलेला गुन्हाच तेवढा विचारात घेतला जाई. करकायद्यात यांपैकी एकही वाट नाही. तिथे बंदीला मुदतच नाही!

शिवाय दरोडा घालून सुटून आलेल्या माणसाला या फॉर्मवर असले काही विचारले जात नाही. विचारले जाते ते फक्त अमली पदार्थांबद्दल. फेलनी कशाला म्हणायचे हेही राज्यागणिक बदलते. टेक्सासमध्ये एक ग्रॅमपेक्षा कमी कोकेन जवळ सापडले तरी फेलनी लागते, तर कॅलिफोर्नियाने 2014 मध्ये स्वतःपुरते पदार्थ बाळगणे हा बहुतेकांच्या बाबतीत किरकोळ गुन्हा ठरवला. म्हणजे पोलिसांनी कोणत्या राज्यात पकडले, यावर या करसवलतीचे दार कायमचे बंद होणार की नाही, हे ठरते.

‘दुसरी सवलत आहे की,’ असे मला ऐकवले जाते. लाइफटाइम लर्निंग क्रेडिट मिळते, हे मान्य. पण ते फक्त देय करातून वजा होते, आणि ज्याचा कर मुळातच शून्यावर येतो त्याच्या हाती त्यातून एक पैसा पडत नाही. नाकारलेल्या सवलतीतील 1,000 डॉलरपर्यंतची रक्कम मात्र कर शून्य असला तरी रोख परत मिळते, आणि गोदामात राबणाऱ्याला नेमकी तीच हवी असते.

हे कलम रद्द करायला नवे खाते लागत नाही की नवी योजना लागत नाही. फाफ्साची अट काढताना ते तसेच का ठेवले, असे मी माझ्या लोकप्रतिनिधीच्या कार्यालयाला लेखी विचारले आहे, आणि उत्तर येईपर्यंत विचारत राहणार आहे.