दहा लाखांची गाडी, पन्नास लाखांचे नट-बोल्ट

सेकंडहँड जर्मन गाडी दारात उभी राहिली की सोसायटीत अभिनंदन कुणी करत नाही. 'अॅव्हरेज किती देते?' एवढंच विचारतात, तेही चौकशी आयोगाच्या सुरात. मी 'शहरात की हायवेला?' असा उलटप्रश्न टाकतो. त्यावर आयोग समजून चुकतो की आकडा वाईट आहे.

आकडा तसा सोपा आहे. दोन लिटरची डिझेल सेदान पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये अकरा-बारा देते, तिचीच पेट्रोल बहीण सात-आठ. वर्षाला आठ हजार किलोमीटर धरा. पेट्रोलवाल्याचे हजार लिटर म्हणजे लाखभर रुपये, डिझेलवाल्याचे साठेक हजार. वर्षाला चाळीस हजार वाचले म्हणून डिझेलवाला मिशीला पीळ देतो आणि मग एक दिवस इंजिनात डिझेल फवारणारा एक इंजेक्टर जातो. इंजेक्टर चार असतात. पीळ आपोआप सुटतो.

मुळात फसगत किमतीपासून सुरू होते. पन्नास-पंचावन्न लाखांची गाडी दहा वर्षांनी दहा-बारा लाखांत मिळते, चांगल्या नव्या एसयूव्हीपेक्षा स्वस्त. गाडी म्हातारी झाली हे विकणाऱ्याला कळलेलं असतं, हेडलाइट बनवणाऱ्याला मात्र कुणी कळवलेलं नसतं. तो अजून पंचावन्न लाखांच्याच गाडीचा हेडलाइट विकतो, आणि तो लाखाच्या पुढे जातो. म्हणून माझं स्पष्ट मत आहे: गाडीच्या किमतीखेरीज पहिल्या वर्षासाठी दीड-दोन लाख बाजूला काढता येत नसतील, तर नवी मारुती घ्यावी आणि शांत झोपावं.

आता डिझेलचं खरं दुखणं. सायलेन्सरच्या वाटेवर डीपीएफ नावाची काजळी अडवणारी जाळी असते. ती भरली की इंजिन जास्तीचं डिझेल सोडून तिला सहाशे अंशांच्या आसपास तापवतं आणि काजळी जाळून टाकतं. पण त्यासाठी गाडी वीसेक मिनिटं न थांबता पळावी लागते. कोथरूडहून डेक्कनला जाऊन भाजी आणणाऱ्या गाडीच्या नशिबी ती वीस मिनिटं येत नाहीत. जाळणं सुरू झालं की आयडलिंग थोडं चढतं, गाडी बंद केल्यावरही पंखा घोंघावत राहतो, करपट वास येतो. नेमकं तेव्हाच आपण घरी पोचून बटण दाबतो. असं वारंवार झालं की न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली इंजिन ऑइलमध्ये उतरतं. तेव्हा ऑइलची पातळी आपोआप वाढायला लागली तर घरात बरकत आली असं समजू नये. ऑइल पातळ होतंय आणि टर्बोचं बेअरिंग त्याच ऑइलवर जगतंय.

उपाय स्वस्त आहे. आठवड्यातून एकदा, टाकी पाव भागाच्या वर ठेवून, एक्सप्रेसवेवर दोन हजारांच्या वरच्या आरपीएमने अर्धा तास. गाडीच्या तब्येतीसाठी लोणावळ्याला जातोय हे घरी पटवणं हा या देखभालीतला सर्वांत अवघड टप्पा. ऑइलही 'लो-अॅश'च हवं, बीएमडब्ल्यूला एलएल-०४, मर्सिडीजला २२९.५१ असं डब्यावर छापलेलं. साध्या ऑइलची राख डीपीएफमध्ये साचते आणि ती कितीही तापवली तरी जळत नाही. 'साहेब, डीपीएफच काढून टाकू, फुल पिकअप येईल' म्हणणारा मिस्त्री प्रत्येक गॅरेज-लाइनीत भेटतो. ते बेकायदा आहे, आणि पीयूसीच्या धूर-चाचणीला मिस्त्री येत नाही.

एन४७ इंजिनाची जुनी बीएमडब्ल्यू डिझेल बघत असाल तर रात्रभर थंड पडलेली गाडी स्वतः सुरू करून ऐका. व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर ठेवणारी टायमिंग चेन तिथे इंजिनच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे आहे. दीड-दोन हजार आरपीएमवर तिकडून खरखर आली तर नमस्कार करून निघा. चेन कितीही स्वस्त मिळो, तिच्यापर्यंत पोचायलाच गिअरबॉक्स किंवा अख्खं इंजिन उतरवावं लागतं. आपण यायच्या आधीच विक्रेत्याने गाडी 'जरा गरम करून' ठेवली असेल तर का ठेवली ते विचारा.

मग पेट्रोल घ्यावं? घ्यावं, पण तिकडे आता ऊस आडवा येतो. हंगामात ज्या ट्रॉलीमागे तासभर रखडतो, त्यातलाच रस पुढे पंपावर वीस टक्के इथेनॉल होऊन भेटतो. जुन्या गाडीच्या टाकीच्या झाकणामागे बहुधा 'ई१०', म्हणजे दहा टक्क्यांपर्यंतच इथेनॉल, असं लिहिलेलं असतं. इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्श्याने कमी, त्यामुळे अॅव्हरेज थोडं घटतं, आणि ते पाणी ओढून घेतं. गाडी महिनोन्‌महिने अर्ध्या टाकीवर उभी ठेवू नका, आणि सर्व्हिसला रबरी नळ्या व सील तपासायला सांगा. शंभर ऑक्टेनचं महागडं पेट्रोल लिटरला दीडशेच्या पुढे जातं. ते रोज भरणार असाल तर आयोगाला अॅव्हरेज सांगायचा प्रश्नच मिटला.

डायरेक्ट इंजेक्शनच्या, म्हणजे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या इंजिनात, हवा आत घेणाऱ्या इनटेक व्हॉल्व्हवर पेट्रोल पडतच नाही, त्यामुळे तिथे काजळीचे थर चढतात. साठ-सत्तर हजार किलोमीटरनंतर ते अक्रोडाच्या कवचांचा भुगा हवेच्या दाबाने मारून साफ करतात. आपल्याकडे अक्रोड घरात येतात ते मुलांच्या परीक्षेच्या तोंडावर. इथे कवचं इंजिनला आणि बिल बापाला.

तरी माझा कौल असा: आठवड्याला लांबचा रस्ता असेल तर डिझेल, नुसता शहरात फेरफटका असेल तर पेट्रोल. पंपावरचा भाव बघून ठरवू नका. दिल्लीकडच्या स्वस्त डिझेल गाड्यांनाही भुलू नका. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या रस्त्यावर आणायला मनाई केली, तेव्हापासून त्या इकडे येऊ लागल्या. पण एनओसी, इथला रोड टॅक्स आणि नवं पासिंग धरलं की स्वस्ताई आरटीओच्या खिडकीतच संपते. त्यात महाराष्ट्रात डिझेल गाडीचा रोड टॅक्स पेट्रोल गाडीपेक्षा दोन टक्क्यांनी जास्त.

गिअरबॉक्स ऑइल 'आजीवन' आहे असं शोरूम सांगतं. कुणाचं आजीवन, ते सांगत नाही. बऱ्याच जर्मन गाड्यांत असणारा आठ गिअरचा गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनीच ऐंशी हजार ते एक लाख वीस हजार किलोमीटरला ऑइल बदला म्हणते. खालचं प्लास्टिकचं पॅन फिल्टरसकट बदलावं लागतं, आणि ऑइलची पातळी इंजिन चालू ठेवून, ऑइलचं तापमान स्कॅनरवर बघत भरतात. स्कॅनर न लावता 'अंदाजे टाकतो' म्हणणाऱ्याकडून गाडी तशीच परत घ्या. नवी बॅटरीही बऱ्याच गाड्यांत स्कॅनरने नोंदवावी लागते, नाहीतर चार्जिंग जुन्या बॅटरीच्याच हिशोबाने चालू राहतं.

शेवटची काळजी पंपावर. डिझेल सेदान बघून पोरगा सवयीने पेट्रोलचं नोझल उचलतो, आणि ते बारीक असल्यामुळे डिझेलच्या तोंडात बिनबोभाट जाऊ शकतं. म्हणून खाली उतरा, मोठ्याने 'डिझेल' म्हणा आणि नोझलवर नजर ठेवा. तरी पेट्रोल गेलंच तर बटणाला हात लावू नका. नुसतं इग्निशन दिलं तरी टाकीतला पंप ते पुढे ढकलतो, आणि हाय-प्रेशर पंपाला वंगण डिझेलचंच मिळत असतं. 'वरून डिझेल मारा, मिक्स होऊन जाईल' म्हणणारा जाणकार तिथे हजर असतोच. त्याचे आभार मानून टोइंगवाल्याला फोन लावा आणि फ्लॅटबेडच, म्हणजे अख्खी गाडी पाठीवर घेणारा ट्रकच, मागवा. पुढची चाकं उचलून, यातल्या बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्सला जोडलेली मागची चाकं रस्त्यावर फरफटवली, तर टाकी उपसल्यानंतरचं पुढचं बिल गिअरबॉक्सचं.