ब्रीदर फिल्टरच्या बिलाबद्दलच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार साहेब,

दोन स्टार दिलेत, हरकत नाही. पण तुमचं वाचून दुसरं कोणी घरी पेट्रोलचा डबा काढून बसू नये, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं असं की ऑइल बदलायला दिलेल्या गाडीत आम्ही न विचारता ब्रीदर फिल्टर (इंजिनातला गॅस बाहेर निघतो त्या वाटेवरचा ऑइल अडवणारा फिल्टर) बदलला, तो धुऊनही चालला असता, आणि एवढं करून इंटरकूलरच्या (इंजिनात जाणारी हवा थंड करणाऱ्या भागाच्या) पाइपात ऑइल आहेच.

जॉबकार्डवर तुमची तक्रार आहे: 'टॅपेट कव्हरपाशी ऑइल झिरपतं', म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणापाशी. त्याखालचं गॅसकेट (गळती अडवणारी पट्टी) दुसरीकडे दोनदा बदलून झालंय, हेही तुम्हीच सांगितलंत. नवं गॅसकेट पुन्हा गळायला लागलं की आम्ही तिसरं लावत नाही, आधी इंजिनातला दाब बघतो. पिस्टन रिंगांच्या कडेने थोडा गॅस खाली क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या खालच्या पोकळीत) उतरतोच, अगदी नव्या गाडीतही. तो ऑइलचे बारीक थेंब सोबत घेऊन ब्रीदरमधून निघतो. फिल्टर त्यातलं ऑइल अडवून तळाशी ऑइल साठतं त्या चेंबरकडे परत सोडतो आणि उरलेला गॅस टर्बोच्या (हवा दाबून इंजिनात ढकलणाऱ्या पंख्याच्या) आधी हवेच्या पाइपात जातो. फिल्टर तुंबला की हा दाब आतच साठतो आणि जिथे कच्चं सापडेल तिथून ऑइल बाहेर ढकलतो. कधी गॅसकेट, कधी क्रँकचं सील. डिपस्टिक वर आलेलीही पाहिली आहे. टर्बोतलं ऑइल तर नुसतं उतारावर खाली येतं. खाली दाब असला की ते तुंबतं, सीलमधून हवेच्या बाजूला जातं, निळा धूर दिसतो आणि चांगला टर्बो उगाच बदलला जातो.

तुमच्यासमोर इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण सैल केलं, तेव्हा ते नाचत होतं. मग फिल्टर काढून तेच केलं, तर झाकण जागचं हललं नाही. रिंगा गेल्या असत्या तर गॅसचा जोर तेव्हाही दिसला असता. त्यानंतर फिल्टरचा भाव तुम्हाला मेसेज केला, तुमचं 'बसवा' आलं, मगच बसवला. तो मेसेज अजून आहे.

आता धुण्याचं. तुमचे ओळखीचे मेस्त्री खोटं सांगत नाहीत. ज्या गाड्यांना लोखंडी जाळीचा ब्रीदर असतो, तो आम्हीही डिझेलमध्ये बुडवून, हवा मारून, पूर्ण वाळवून परत लावतो. तुमचा फिल्टर दाबून बसवलेल्या धाग्यांचा आहे. पेट्रोलने वरचा काळा थर जातो, तो स्वच्छ दिसतो, पण आत बसलेला चिकटा निघत नाही, धागे सुटतात आणि सुटलेले धागे हवेच्या पाइपात जातात. रबरी रिंगही पेट्रोलने फुगते.

गाडी बहुतेक कोथरूडमधल्या कोथरूडमध्येच फिरते, असं तुम्ही म्हणालात. इंजिन नीट तापायच्या आत बंद झालं की आतलं पाणी उडून जात नाही आणि ऑइलशी मिसळून पांढरट चिकटा होतो. पावसाळ्यात जास्तच. तुमच्या झाकणाच्या आतून तोच निघाला. त्यामुळे कंपनीच्या पुस्तकातल्या किलोमीटरवर विसंबू नका, प्रत्येक ऑइल बदलाला ब्रीदरचे पाइप काढून बघायला सांगा. (आमच्याकडेच सांगा असं नाही.)

इंटरकूलरच्या पाइपातलं ऑइल जुनं आहे. इंटरकूलर उतरवून धुऊ का विचारलं होतं, तुम्ही पुढच्या वेळी म्हणालात. तो निर्णय तुमचा होता आणि त्यात काही चूक नाही, पण आत साठलेलं ऑइल थोडे दिवस पाइपात येत राहणार. पातळ ओशटपणा टर्बो डिझेलमध्ये राहतोच. पाइप तिरका केल्यावर धार लागली तर मात्र गाडी लगेच आणा.

फिल्टरचे पैसे परत करणार नाही, काम योग्य झालंय. काढलेला फिल्टर पिशवीत घालून तुमच्या डिकीत ठेवलाय, तो दुसऱ्या कोणालाही दाखवा. दाबाची तपासणी पुन्हा करून हवी असेल तर रविवार सोडून कधीही सकाळी या, तिचे पैसे घेणार नाही. येताना इंजिन गरम असू द्या.