बेसी कोलमनचे नकार

वैमानिक अमेलिया इअरहार्टचं नाव आपल्याकडे शाळकरी पोरींनाही ठाऊक असतं. बेसी कोलमन या काळ्या अमेरिकी वैमानिक बाईचं नाव घेतलं की "ही कोण?" आणि जे लिहितात तेही तिच्या हवेतल्या कोलांट्या नि अपघाती मृत्यू यांतच रमतात. मला ती आवडते ती तिच्या नकारांसाठी.

जन्म १८९२ चा, टेक्सासमधला. लहानपण कापूस वेचण्यात गेलं. पुढे शिकागोच्या एका सलूनमध्ये ती गिऱ्हाइकांची नखं नीट करून द्यायची. पहिल्या महायुद्धात फ्रान्सला जाऊन आलेला भाऊ चिडवायचा, तिथल्या बायका विमानं उडवतात, तुम्हाला काय जमणार! हिने ते मनावर घेतलं. पण बाई, त्यात काळी. अमेरिकेत तिला कुणी शिकवायला तयार होईना. 'शिकागो डिफेंडर' हे काळ्यांचं वर्तमानपत्र काढणारे रॉबर्ट अॅबट म्हणाले, फ्रान्सला जा. मग आधी फ्रेंच शिकली, नोव्हेंबर १९२० मध्ये बोटीत बसली आणि कॉद्राँ बंधूंच्या विमानशाळेत दाखल झाली. तिथे एक विद्यार्थी तिच्या डोळ्यांदेखत विमान कोसळून गेला. ही शिकत राहिली. १५ जून १९२१ ला आंतरराष्ट्रीय परवाना मिळाला. तो मिळवणारी पहिली काळी स्त्री.

परवाना मिळाला तरी पोट भरायला उरले हवाई खेळच. पैशांची कायम ओढाताण. अशात सिनेमा चालून आला. पहिल्याच प्रसंगात फाटके कपडे, हातात काठी, पाठीवर बोचकं, असं उभं राहायचं होतं. काळ्यांना अडाणी दाखवणारं ते सोंग तिला नको होतं. तिने सरळ काम सोडलं. लहरी बाई म्हणून नाव खराब झालं, ते झालंच. (स्वाभिमानी बाईला लहरी म्हणायची सोय सगळीकडेच असते.)

१९२३ मध्ये विमान पडून पाय आणि बरगड्या मोडल्या. बरी होऊन पुन्हा उभी राहिली. मग ती जिथे वाढली त्या वॅक्सहॅची गावात खेळ ठरला. गोऱ्यांना एक फाटक, काळ्यांना दुसरं. ती म्हणाली, फाटक एकच ठेवा, नाहीतर मी उडणार नाही. आयोजक नमले. आत बसायच्या जागा वेगळ्याच राहिल्या, हेही सांगायला हवं. पण ज्या गावात तिची आई लोकांचे कपडे धुवायची तिथे हे बोलायला हिंमत लागते. आकाशात गिरकी घेण्यापेक्षा मला ती मोठी वाटते.

३० एप्रिल १९२६, फ्लोरिडातलं जॅक्सनव्हिल. दुसऱ्या दिवशी पॅराशूट घेऊन उडी मारायची होती, म्हणून खालची जागा वाकून बघता यावी यासाठी तिने पट्टा बांधला नव्हता. विमान तिचा मेकॅनिक विल्यम विल्स चालवत होता. ते एकाएकी उलटलं, ती बाहेर फेकली गेली. वय ३४. विल्सही वाचला नाही. यंत्रात एक पाना अडकलेला सापडला.

काळ्या मुलामुलींसाठी विमानशाळा काढायची म्हणून ती पै-पै जमवत होती. ती शाळा राहूनच गेली. १९२९ मध्ये लॉस एंजेलिसला विल्यम पॉवेल यांनी तिच्या नावाने क्लब काढला आणि तिथे विमान चालवण्याची शिकवणी सुरू झाली.