परदेशातून : घरातलं घरातच?

आमच्या घरच्या ग्रुपवर परवा पुन्हा तेच. गावाकडच्या कुणा प्राध्यापकाने आपल्याच समाजाने केलेल्या जुन्या दंगलीवर लेख लिहिला, आणि चुलतभावाने निकाल देऊन टाकला: आपल्या माणसांची लक्तरं वेशीवर टांगायची असतील तर आधी समाज सोडा. वर मला टोमणा, "दादा, तू तर बोलूच नकोस. तू केव्हाच सोडून गेलास."

अरे, मी अमेरिकेतल्या युटात राहतो. इथे हा वाद एका मॉर्मन (इथला मोठा ख्रिस्ती पंथ) मास्तरीणबाईंनी कधीच निकालात काढलाय. वानिटा ब्रूक्स, जन्म 1898, सेंट जॉर्जच्या डिक्सी कॉलेजात शिकवायच्या. 11 सप्टेंबर 1857 ला त्याच भागात, माउंटन मेडोजला, आर्कान्सासहून निघालेल्या सुमारे 120 वाटसरूंना पांढरं निशाण दाखवून बाहेर काढलं आणि मारलं. वाचली ती 17 लहान पोरं. खापर फुटलं तिथल्या पाइयूट आदिवासींवर आणि एकट्या जॉन ली या मॉर्मन माणसावर. लींना 1877 मध्ये त्याच जागी गोळ्या घातल्या. बाईंनी कागदपत्रं धुंडाळून दाखवलं की ली दोषी होतेच, पण एकटे नव्हते. हे काम मॉर्मन शिबंदीचं. म्हणजे बाईंच्याच गोतातल्यांचं. शेजारीण दारात आली की लिखाण इस्त्रीच्या ढिगाखाली जायचं. पुस्तक 1950 मध्ये आलं. पुढे 1961 मध्ये मॉर्मन चर्चने लींना मरणोत्तर परत सभासद करून घेतलं, पण हे छापू नका असा दबाव बाईंवर आणला. त्यांनी छापलं. चर्चने हत्याकांडाबद्दल जाहीर खेद व्यक्त केला तो 2007 मध्ये, बाई जाऊन अठरा वर्षं झाल्यावर.

आणि त्यांनी चर्च सोडलं नाही. चर्चनेही त्यांना काढलं नाही, फक्त वरच्या मंडळींनी पाठ फिरवली.

आपल्याकडे 2004 मध्ये एका पुस्तकावरून पुण्याच्या भांडारकर संस्थेची मोडतोड झाली ते आठवा, म्हणजे मी का चिडतो ते कळेल. (इथेही सगळं आलबेल नाही, पण ते भावाला कशाला सांगू?)

खरी पंचाईत वेगळीच. बाईंच्या शब्दाला वजन आलं ते त्या रविवारी त्याच बाकावर जाऊन बसत म्हणून. मी कुठल्या बाकावर बसतो? वॉर्डच्या, म्हणजे इथल्या मॉर्मन मंडळींच्या, पार्टीत मी 'आपला इंडियन शेजारी', मंडळात गणपतीपुरता, गावात पाहुणा. भावाचा टोमणा लागला तो इथेच. पण तो तर तिथेच आहे ना, पारावर, सगळ्यांच्या ओळखीचा? मग त्याने लिहावं. तो नुसते फॉरवर्ड पाठवतो.