टक्कर-इशाऱ्यानंतर परवानगीची वाट पाहायची नसते

अंधेरी-विलेपार्ल्याच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या फिरणाऱ्या एका संदेशात असे म्हटले आहे की, कॉकपिटमध्ये टक्कर-इशारा वाजला तरी पायलटने आधी मुंबईच्या हवाई नियंत्रकाची परवानगी घ्यावी, अन्यथा तो नियमभंग ठरतो. हे चुकीचे आहे. किंबहुना नियम नेमका उलट आहे.

टीकॅस ही विमानातली टक्कर टाळणारी यंत्रणा आधी ‘ट्रॅफिक, ट्रॅफिक’ असे सावध करते. त्या टप्प्यावर विमान वळवायचे नसते, फक्त नजर ठेवायची असते. ‘क्लाइम्ब’ (वर चढा) किंवा ‘डिसेंड’ (खाली उतरा) असा आदेश आला, की मात्र सुमारे 5 सेकंदांत, पडद्यावरच्या हिरव्या पट्ट्यानुसार, तो पाळायचा, नियंत्रकाची सूचना विरुद्ध असली तरीही. ‘टीकॅस आरए’ (आरए म्हणजे यंत्रणेचा हा आदेश) एवढेच रेडिओवर कळवायचे. त्यानंतर धोका टळेपर्यंत नियंत्रक त्या विमानाचा मार्ग बदलू पाहत नाही. अपवाद आहेत, उदाहरणार्थ स्टॉल (पंखांची उचल कोलमडणे) किंवा जमिनीच्या सान्निध्याचा इशारा, पण परवानगी हा त्यांपैकी नव्हे.

1 जुलै 2002 रोजी जर्मनीतील उबरलिंगनजवळ यंत्रणा ‘वर चढा’ म्हणत असताना रशियन विमानाच्या चालकदलाने नियंत्रकाचे ऐकून विमान खाली नेले, तर दुसरे विमान आपल्या यंत्रणेच्या आदेशाप्रमाणे खालीच येत होते. 71 जण मृत्युमुखी पडले. दोन्ही यंत्रणा परस्परांशी संधान साधून विरुद्ध दिशा ठरवतात, हे या संदेशाच्या लेखकाच्या गावीही नसावे.

यंत्रणेकडून ‘क्लिअर ऑफ कॉन्फ्लिक्ट’ (धोका टळला) ऐकू आल्यावर पायलट नियंत्रकाने दिलेल्या मूळ उंचीकडे परततो आणि तसे कळवतो.