मामा, अध्यक्षीय पद्धत मागण्याआधी एवढं ऐका

आमचे मामा कराड तालुक्यात राहतात, सत्तरी ओलांडलीय, पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतात आणि मग फॅमिली ग्रुपवर मत टाकतात. गेल्या आठवड्यात त्यांनी लिहिलं की आता आपल्याकडे पण अमेरिकेसारखा थेट लोकांनी निवडलेला राष्ट्राध्यक्ष पाहिजे, मुख्यमंत्री पण थेट पाहिजे, म्हणजे ही आमदारांची पळवापळवी कायमची बंद होईल, आणि खाली मला टॅग करून "तू तिथंच आहेस, तूच सांग सगळ्यांना". म्हणून सांगते.

मामांचा राग मला शंभर टक्के पटतो. २०१९ ला मतदान करून आले आणि मग महिनाभर सरकारच नाही, मध्येच राष्ट्रपती राजवट, मग पहाटेचा शपथविधी, मग तिसरंच सरकार, आणि २०२२ ला तेही गेलं सुरत-गुवाहाटीच्या वाटेने. ज्याला मत दिलं तो कुणाबरोबर बसणार हे मतदाराला शेवटपर्यंत कळत नाही, हा अपमानच आहे. आणि ही मागणी काही नवीन पण नाही, वर्ध्याचे खासदार वसंत साठे ऐंशीच्या दशकात अध्यक्षीय पद्धतीबद्दल सतत बोलायचे, आता शशी थरूर बोलतात.

पण मी २०११ पासून मेरीलँडमध्ये राहते, वॉशिंग्टन इथून तासाभरावर, आसपास निम्मे लोक फेडरल सरकारच्या नोकरीत, आणि इतक्या वर्षांत मी तीन मोठे शटडाऊन (खर्चाचं बिल पास झालं नाही म्हणून सरकारी ऑफिसं बंद) बघितलेत. २०१३ चा १६ दिवसांचा, २०१८-१९ चा ३५ दिवसांचा आणि २०२५ चा ४३ दिवसांचा. त्यातला मधला नीट सांगते कारण तो सरळसरळ अध्यक्ष विरुद्ध संसद असा होता.

झालं असं की ट्रम्प यांना मेक्सिकोच्या सीमेवर भिंत बांधायला ५.७ अब्ज डॉलर पाहिजे होते. तिकडे नोव्हेंबर २०१८ च्या निवडणुकीत प्रतिनिधीगृह डेमोक्रॅट्सनी जिंकलं होतं, जानेवारीत नॅन्सी पेलोसी स्पीकर होणार होत्या, त्या म्हणाल्या भिंतीला पैसे देणार नाही. ट्रम्प म्हणाले भिंतीचे पैसे नसतील तर मी खर्चाच्या बिलावर सही करणार नाही. दोघांचंही म्हणणं एकच, मला लोकांनी याच्यासाठीच निवडून दिलंय, आणि खरं सांगायचं तर दोघंही खरंच बोलत होते! अध्यक्ष वेगळ्या निवडणुकीत निवडून आलेला, सभागृह वेगळ्या निवडणुकीत. दोघांतलं कुणीच कुणाला घरी पाठवू शकत नाही. मग २२ डिसेंबरपासून सरकारचा साधारण चौथा हिस्सा बंद, आठ लाख कर्मचाऱ्यांचा पगार बंद, त्यातले निम्म्याहून जास्त तर बिनपगारी कामावर जात होते कारण त्यांचं काम "अत्यावश्यक".

आमच्या शेजारची बाई त्यातलीच, एअरपोर्टवर सिक्युरिटी चेकिंगला. ११ जानेवारीला पगाराची तारीख होती. संक्रांतीला मी तिच्याकडे तिळगूळ घेऊन गेले, माझी आई तेव्हा इथे आली होती, ती पण बरोबर होती. तिने फोनवर पगाराची स्लिप उघडून दाखवली, सगळे रकाने नेहमीसारखे, कपातीचे, इन्शुरन्सचे, आणि खाली हातात येणारी रक्कम शून्य. रोज पहाटे साडेतीनला उठून ती ड्युटीवर जायची आणि हिशोब करून सांगत होती की गाडीत पेट्रोल अजून किती दिवस पुरेल, मुलीच्या दातांच्या तारांची अपॉइंटमेंट तिने पुढे ढकलली होती. आईला हे काही केल्या समजेना. ती मला परत परत विचारायची, अगं सरकारी नोकरी ना तिची, मग पगार कसा थांबतो? मी तरी काय सांगणार, दोन पुढारी भांडतायत म्हणून. निघताना आईने तांदळाची पिशवी आणि डाळ तिच्या दारात ठेवली, हातात द्यायची हिंमत झाली नाही. त्याच आठवड्यात वॉशिंग्टनमध्ये होजे आंद्रेस या शेफने सरकारी कर्मचाऱ्यांसाठी फुकट जेवण सुरू केलं, आणि सरकारी ओळखपत्र दाखवून लोक रांगेत उभे होते. हे दृश्य जगातल्या सगळ्यात श्रीमंत देशाच्या राजधानीतलं आहे मामा.

आणि या सगळ्या काळात अध्यक्षांचा पगार चालू, खासदारांचाही चालू, कारण त्याची तरतूद वेगळी आहे.

शेवटी २५ जानेवारीला विमान वाहतूक नियंत्रणातली माणसं कमी पडली, न्यूयॉर्कचं लाग्वार्डिया एअरपोर्ट काही वेळ विस्कळीत झालं आणि त्याच दिवशी तोडगा निघाला. म्हणजे वाटाघाटींनी नाही, थकलेल्या माणसांनी संप न करताच शटडाऊन संपवला. भिंतीला किती मिळाले? १.३७५ अब्ज. आणि काँग्रेसच्याच बजेट ऑफिसने (काँग्रेस म्हणजे इथली संसद) नंतर हिशोब केला की देशाचं ११ अब्ज डॉलरचं उत्पन्न बुडालं, त्यातलं ३ अब्ज कायमचं.

आता कुणी म्हणेल आपल्याकडे काय पगार रखडत नाहीत का, एसटीवाल्यांना विचारा. रखडतात, आणि ते वाईटच आहे. पण खर्चाच्या बिलावरून सभागृह आणि सरकार यांचं पटलं नाही म्हणून अख्खी सरकारी ऑफिसं बंद, हे आपल्याकडे होत नाही, कारण सभागृहाने पैसे नाकारले तर सरकारलाच जावं लागतं. १९९९ आठवा, १७ एप्रिलला वाजपेयींचं सरकार एका मताने पडलं, २६९ विरुद्ध २७०, आणि लोकसभा बरखास्त व्हायच्या आधी सगळ्या पक्षांनी मिळून बजेट पास करून दिलं. सरकार पडलं पण देशाचा पगार थांबला नाही.

बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत मसुदा मांडताना नेमकं हेच तोललं होतं. ते म्हणाले होते की अमेरिकन पद्धतीत स्थैर्य जास्त आणि जबाबदारी कमी, आपल्या पद्धतीत उलटं, दोन्ही सारख्या मापात देणारी पद्धत अजून कुणाला सापडलेली नाही, आणि भारतासारख्या देशात सरकारची रोजच्या रोज तपासणी होणं जास्त गरजेचं आहे. शाळेत हे मी परीक्षेपुरतं वाचलं होतं, अर्थ कळला तो ती शून्याची स्लिप बघून.

मामा, तुम्हाला तर लांब अमेरिकेत यायची पण गरज नाही. आपल्या गावाचंच बघा ना. २०१७ ला थेट सरपंच आणला, २०२० ला रद्द केला, २०२२ ला परत आणला. आपल्या गावात थेट सरपंच एका पॅनलचा आला आणि सदस्य जास्त दुसऱ्या पॅनलचे. तुम्हीच मला फोनवर सांगितलं होतं की खालच्या आळीच्या पाइपलाइनचा ठराव चार मासिक सभांत झाला नाही, सरपंच म्हणतो मला गावाने निवडलं, सदस्य म्हणतात आम्हाला पण गावानेच निवडलं, आणि मामी मात्र टँकरची वाट बघत कळशी घेऊन उभी. ट्रम्प-पेलोसी भांडण हेच होतं, फक्त पाइपलाइनच्या जागी भिंत.

पण इथली एक गोष्ट बघून मला खरंच वाईट वाटतं आपल्यासाठी, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. शटडाऊन संपल्यावर ट्रम्प यांनी भिंतीसाठी आणीबाणी जाहीर करून दुसरीकडचा पैसा वळवला. त्याविरुद्ध मार्च २०१९ मध्ये सिनेटमध्ये (संसदेचं दुसरं सभागृह) मतदान झालं, आणि ट्रम्प यांच्याच पक्षाच्या १२ सिनेटरनी त्यांच्या विरोधात मत दिलं, ५९-४१. ट्रम्प यांनी व्हेटो वापरला, तो उलटवायला दोन तृतीयांश मतं लागतात ती प्रतिनिधीगृहात मिळाली नाहीत, सगळं खरं. पण त्या १२ जणांची खुर्ची गेली नाही. आपल्याकडे १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने व्हिप (पक्षाचा मतदानाचा आदेश) मोडला की सदस्यत्व जाऊ शकतं, म्हणजे एकटा आमदार भर सभागृहात "हे चुकतंय" म्हणून विरोधात मत देऊ शकत नाही, पण गठ्ठ्याने रातोरात बस पकडून गेले तर मार्ग निघतो. जे थांबवायचं होतं ते थांबलं नाही आणि जे चालू राहायला हवं होतं ते बंद पडलं! म्हणूनच २०१८ ला लोकसभेत अख्खं बजेट गोंधळात चर्चेविना पास होतं आणि कुणाला काही वाटत नाही. १९९० मध्येच निवडणूक सुधारणांसाठीच्या दिनेश गोस्वामी समितीने सांगितलं होतं की मतदानावरून होणारी अपात्रता फक्त विश्वासदर्शक आणि अविश्वास ठरावापुरती ठेवा, बाकी मोकळं मत देऊ द्या. तुम्हाला काही मागायचंच असेल ना मामा, तर हे मागा. मी पण तुमच्याबरोबर मागेन.

२०२५ च्या शटडाऊनमध्ये दिवाळी आली. भांडण यावेळी आरोग्य विम्याच्या सबसिडीचं होतं, सिनेटमध्ये बिल पुढे न्यायला लागणारी ६० मतं जमत नव्हती. शेजारीण परत तीच, परत बिनपगारी ड्युटी. मी फराळाचा डबा घेऊन गेले तर तिने दार उघडल्या उघडल्या सांगितलं की यावेळी तीन महिन्यांचा पगार बाजूला ठेवलाय, २०१९ पासून दर महिन्याला थोडा थोडा साठवत होते, मुलगी आता कॉलेजला आहे आणि तिला मी बजावलंय की सरकारी नोकरी करू नकोस.